कोथिंबिरीच्या जुडीतली गोगलगाय

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात करते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या वाटेला लागते. मांडव उतरतात, गाव मोकळं होतं आणि पाऊस धरून बसतो. मग आठ-पंधरा दिवसांत परसातली कुंडी उचलली की तिच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं दिसतं. बोटाएवढं लांब, काळपट, चामड्याच्या चपट्या तुकड्यासारखं, पाठीवर मधोमध एक फिकी रेघ. काडी लावली की आखडतं. मोरीच्या तोंडाशी, तुळशीवृंदावनाच्या सांदीत, ओल्या विटेखाली, आणि रात्री दिवा लावला तर कधी चक्क स्वयंपाकाच्या ओट्यावर. शंख नसल्यामुळे हिला गोगलगाय म्हणायला लोक कचरतात, पण आहे ती गोगलगायच, बिनशंखाची. शास्त्रीय नाव लेव्हिकॉलिस अल्टे. घरातली पोरं तिच्यावर मिठाची चिमूट टाकतात आणि ती विरघळताना बघत बसतात.

ही खाता येते का, हा प्रश्न देहूत काढणं अनेकांना अभद्र वाटेल. गळ्यात तुळशीची माळ असलेली घरंच्या घरं इथे आहेत. नगरपंचायतीने १ एप्रिल २०२२ पासून गावात मांस-मासळीची विक्रीसुद्धा बंद केली. तरी हा प्रश्न इथेच काढायला हवा. देहू आता फक्त वारकऱ्यांचं गाव उरलेलं नाही. तळवडे, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत कामाला आलेली लातूर-बीडची, बिहारची, झारखंडची, बंगालची माणसं आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांतल्या काहींच्या गावी तळ्यातल्या गोगलगायी आवडीने खाल्ल्या जातात. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. गोगलगाय मुद्दाम खाणारे फार थोडे. नकळत खाणारा मात्र कुणीही असू शकतो, आणि जे घर पालेभाजी-कोशिंबिरीवर जगतं, तिथे ही शक्यता कमी नसून जास्त आहे.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. बागेतली गोगलगाय कच्ची खाणं जिवावर बेतू शकतं. नीट उकळून शिजवलेली गोगलगाय या विशिष्ट धोक्यापुरती निर्धोक होते, पण म्हणून ती अन्न होत नाही. दोन्ही गोष्टींची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

सिडनीत २०१० साली काही मित्र एका घराच्या परसात बसले होते. समोरून एक गोगलगाय सरपटत आली. एकोणीस वर्षांच्या, रग्बी खेळणाऱ्या, धडधाकट मुलाने पैजेपोटी ती उचलून गिळली. पुढच्या काही दिवसांत त्याचे पाय दुखू लागले. मग मेंदूला सूज आली आणि तो ४२० दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तो हातपाय लुळे झालेल्या अवस्थेत. त्याच्या आईने वर्षानुवर्षं त्याचं सगळं केलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो गेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती ऑस्ट्रेलियातली एक विचित्र घटना म्हणून सोडून दिली. आपल्याकडे तर तिची पुरती दखलही घेतली गेली नाही, याची खंत वाटते, कारण त्या मुलाला मारणारा जंत आपल्याला परका नाही.

त्या जंताचं नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांमध्ये तो सापडला आणि १९३५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, म्हणून हे नाव. तो खरा उंदराचा जंत आहे. उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत तो राहतो, वाढतो, अंडी घालतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या श्वासनळीतून वर चढतात, उंदीर त्या गिळतो आणि त्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय ओलसर जागी फिरताना त्या लेंड्या खाते. तिच्या अंगात दोन-तीन आठवड्यांत अळ्या पुढच्या अवस्थेला पोचतात. मग उंदीर ती गोगलगाय खातो आणि चक्र पुरं होतं. माणसाचं या चक्रात काही काम नसतं. तो चुकून मध्ये येतो. त्याच्या पोटात गेलेली अळी उंदरात जाते तशीच मेंदूकडे निघते, पण माणसाच्या शरीरात पुढची वाट तिला सापडत नाही. ती मेंदूच्या आवरणापाशी अडकते आणि मरते. तिच्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते. अळी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. नुसत्या डोळ्यांनी पानावर ती दिसेल, ही आशाच करायला नको.

आता हे मुंबईपर्यंत कसं येतं ते पाहा. परळच्या हाफकिन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतले उंदीर आणि घुशी तपासल्या, त्यांच्या फुप्फुसांत हाच जंत सापडला आणि १९८२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच दशकात त्यांनी मुंबईतल्या गोगलगायींचीही तपासणी केली. अळ्या बाळगणाऱ्या जातींमध्ये एक होती लेव्हिकॉलिस अल्टे. देहूच्या कुंडीखाली बसलेली, पाठीवर फिकी रेघ असलेली, तीच. म्हणजे आपल्याच राज्यात, आपल्याच लोकांनी, चाळीस वर्षांपूर्वी हे चक्र शोधून कागदावर मांडलं होतं. प्लेगच्या काळापासून उंदरांचा अभ्यास करत आलेल्या संस्थेचं ते मोलाचं काम आहे. पण पावसाळ्यातल्या आजारांच्या पत्रकांत डेंग्यू, हिवताप, लेप्टो, कावीळ यांच्या रांगेत या जंताचं नाव सहसा नसतं.

देशात या आजाराचे बरेच रुग्ण केरळातून नोंदले गेले. तिथल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा मेंदूज्वराच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यातल्या काहींनी घोरपडीचं मांस खाल्लं होतं. घोरपड गोगलगायी खाते आणि अळ्या तिच्या मांसात तशाच जिवंत राहतात. खेकडे, बेडूक, गोड्या पाण्यातली कोळंबी यांच्यातही त्या अशाच मुक्कामाला राहू शकतात. आपल्याकडे घोरपडीची चोरटी शिकार अजून होते, अंगात ताकद येते म्हणून. वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, ते मोडणं गुन्हा आहेच, पण खाणाऱ्याच्या मेंदूलाही त्यात धोका आहे, हे गावोगावी सांगितलं तर कदाचित कायद्यापेक्षा लवकर उमगेल.

यावर कुणी म्हणेल, जग तर गोगलगायी खातंच. खरं आहे. फ्रान्समध्ये त्या लसूण-लोण्यात शिजवून खातात. नायजेरिया-घानात हातभर नाही तरी वीतभर लांबीची आफ्रिकी गोगलगाय बाजारात मांसासारखी विकली जाते. बंगालात तळ्यातल्या ‘गुगली’चा रस्सा होतो, बिहार-झारखंडात ‘घोंघा’ खातात. आपल्या कोकणाचं तर सांगायलाच नको. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं ही सगळी त्याच मृदुकाय प्राण्यांच्या कुळातली. सुश्रुतसंहितेतही शंख, शिंपला, शंबूक यांचा ‘कोशस्थ’ म्हणून आहारातल्या प्राण्यांमध्ये समावेश आहे. तेव्हा गोगलगाय म्हटली की नाक मुरडावं असं काही नाही, आणि जी माणसं ती खातात त्यांना हिणवण्याचा हक्क कुणाला नाही.

पण या सगळ्या स्वयंपाकघरांत एक गोष्ट सारखी आहे. प्राणी कुठला, कुठून आणला, काय खाऊन वाढला हे ठाऊक असतं आणि तो आधी उकळला जातो. फ्रान्समध्ये गोगलगायींना काही दिवस उपाशी ठेवून पोट रिकामं करतात, मग उकळतात. तिसऱ्या समुद्राच्या खाडीतल्या, उकडल्यावर तोंड उघडणाऱ्या. जिथे जिथे उकळण्याची पायरी गाळली, तिथे माणसं आजारी पडली. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या गोगलगायीची मसाला घालून कोशिंबीर करतात आणि या जंताचे रुग्ण तिथे वर्षानुवर्षं सापडत आलेत. बीजिंगमध्ये २००६ साली उपाहारगृहात नीट न शिजवलेल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी खाऊन दीडशेहून जास्त माणसं दवाखान्यात गेली. लिंबू, मीठ, व्हिनेगर, तिखट यांनी अळी मरेल याची खात्री नाही. साध्या फ्रिजच्या गारव्यात ती टिकते. मरते ती तीन ते पाच मिनिटं खळखळून उकळल्यावर, किंवा शून्याखाली पंधरा अंशांत दिवसभर गोठवल्यावर.

बरं, समजा उकळली. तरी देहूच्या परसातली गोगलगाय खाऊ नये, असंच म्हणावं लागेल. ती कुठे फिरली हे कुणाला माहीत? गटाराच्या कडेला, उकिरड्यावर, कुणी बागेत टाकलेल्या विषारी गोळ्यांवरून. गोगलगाय मारायला मेटाल्डिहाईडच्या गोळ्या वापरतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या तर त्याला झटके येऊन तो दगावू शकतो. शिवाय गोगलगायीच्या अंगाचा एक गुण असा, की मातीतलं कॅडमियमसारखे जड धातू ती पचनग्रंथीत साठवून ठेवते. शास्त्रज्ञ जमिनीचं प्रदूषण मोजायला तिचा उपयोग करतात, तो याचमुळे. कारखान्यांच्या पट्ट्यात, जिथे आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना राज्याने वारंवार पाहिला, तिथल्या मातीत चरलेला प्राणी ताटात घेणं शहाणपणाचं नाही. हेच नदीतल्या शिंपल्या-गोगलगायींनाही लागू आहे. गावाकडच्या स्वच्छ तळ्यातली गुगली आणि इंद्रायणीच्या पात्रातली गोगलगाय एक नव्हे, हे परगावाहून आलेल्या कामगारांना कुणीतरी आपुलकीने सांगायला हवं.

मराठवाड्यातून आलेल्या माणसांना गोगलगायीचं दुखणं निराळ्या वाटेने ठाऊक आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं रातोरात फस्त केली. दोन पानांवर आलेलं रोप सकाळी देठापासून कातरलेलं. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. सरकारला पुढे नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. चाकणला पहिल्या पाळीत उभ्या असलेल्या पोराला वडिलांचा फोन येत असे, की पोतं भरून गोगलगायी वेचल्या तरी उद्या तेवढ्याच. शंखी गोगलगायींतली सगळ्यांत मोठी आणि कुप्रसिद्ध जात आफ्रिकी. बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून ती कोलकात्याला आणली आणि एका बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, एका वेळी शेकड्याने अंडी घालते आणि खायला पाचशेहून जास्त वनस्पती चालतात. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बागांतही पावसाळ्यात ती दिसते.

तिचा एवढा सुळसुळाट झाला की एक सूचना हमखास पुढे येते. आफ्रिकेत खातात, मग आपणही खाऊन संपवू. ऐकायला सोपं वाटतं, पण यात दोन घोटाळे आहेत. ही मोठी गोगलगायसुद्धा त्याच जंताची वाहक आहे. आणि एखाद्या प्राण्याला बाजारात भाव आला की लोक तो संपवत नाहीत, पाळायला लागतात. जगात अनेक ठिकाणी ती पसरली तीच मुळी खाण्यासाठी नेल्यामुळे. त्यापेक्षा कृषी खातं सांगतं तो मार्ग बरा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर संध्याकाळी पसरायची, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करायच्या, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. यात मात्र एक गोष्ट अजून पुरेशी बोलली जात नाही. गोळा करणारे हात बहुतेक वेळा बायकांचे आणि पोरांचे असतात, आणि ते उघडे असतात. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी, काम झालं की साबणाने हात धुवावेत, त्याआधी भाकरीला हात लावू नये. आणि मेलेल्या गोगलगायींचं ते पाणी ओढ्यात न ओतता खड्ड्यात चुना टाकून पुरावं.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ असं आपण वरून गरीब आणि आतून आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने गोगलगायीला उलटं करून नीट पाहिलं होतं, कारण तिचा पाय खरोखर पोटालाच असतो. त्या पायाखालून निघणारा चिकट स्राव सगळीकडे चमकती वाट सोडत जातो. स्रावातून अळी माणसात जाण्याचा धोका कमी आहे, पण नाहीच असं म्हणता येत नाही. खरा धोका आहे तो त्या वाटेच्या टोकाला बसलेल्या पिल्लाचा. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू तिळाएवढं असतं, आणि त्याला लपायला कोथिंबिरीच्या जुडीइतकी चांगली जागा नाही.

आपल्या जेवणात कच्चा पाला किती असतो याचा कुणी हिशेब मांडत नाही. पोह्यांवर कोथिंबीर, वड्याबरोबर पुदिन्याची चटणी, मिसळीवर पुन्हा कोथिंबीर. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात कोवळ्या मेथीचा घोळाणा करतात, कांदा-शेंगदाणे-तेल घालून, कच्चाच. भाकरीबरोबर कांद्याची पात, मुळ्याचा पाला. हातगाडीवर बारीक चिरलेला कोबी. हे सगळं चवीचं आहे, आरोग्याचं आहे, आणि ते सोडावं असं सुचवण्याचा मुळीच हेतू नाही. श्रावणात पालेभाजी वर्ज्य करण्याची रीत अनेक घरांत आहे. तिचं मूळ काहीही असो, ओल्या दिवसांत कच्चा पाला कमी खाण्याचा त्यातला भाग आजही सोयीचा आहे. बाकीच्यांनी निदान जुडी नीट धुवावी.

नीट म्हणजे कशी, हे बघायचं असेल तर एखाद्या जुन्या, हाताला वळण असलेल्या गृहिणीकडे बघावं. ती जुडीची दोरी आधी सोडते. मुळांकडचा चिखलाचा भाग कापून टाकते. काड्या सुट्या करते, पिवळी पानं काढते, आणि हे करताना प्रत्येक काडी उजेडात एकदा फिरवते. पातेलंभर पाण्यात पाला खळबळून काढते, पाणी फेकते, बुडाशी बसलेली रेती बोटाने चाचपते, पुन्हा पाणी घेते. तिसऱ्यांदा नळाखाली धरते. हीच पद्धत बरोबर आहे. वाहत्या पाण्याखाली पानन् पान धुणं हाच भरवशाचा उपाय आहे. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं म्हणजे झालं, असं नाही. दोन्ही पाळ्यांची धावपळ असलेल्या खोलीत, जिथे सकाळी पाचला डबा भरायचा असतो, एवढा वेळ कुणाला नसतो हेही खरं. मग निदान पावसाळ्यात पाला शिजवून खावा. घोळाण्याच्या ऐवजी परतलेली मेथी, कच्च्या पुदिन्याच्या ऐवजी शेंगदाण्याची चटणी. पाण्याच्या टाकीला झाकण असावं, कारण त्यात पडून बुडालेल्या गोगलगायीतूनही अळ्या बाहेर येतात.

आजार झालाच तर त्याची सुरुवात ओळखता यावी. खाल्ल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत डोकं फुटेल असं दुखतं, मान आखडते, उलट्या होतात, काहींच्या अंगाला मुंग्या येतात किंवा आग होते, नुसत्या कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. काहींना एकाचे दोन दिसतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर उगीच धसका बसायचा. पण थोड्यांच्या बाबतीत तो जिवावर उठतो. यावर एकच एक रामबाण औषध नाही. सूज उतरवणारी स्टेरॉइडं, वेदनाशामकं आणि लक्षपूर्वक काळजी यांवर उपचार चालतात. म्हणूनच डॉक्टरांपुढे बसल्यावर रुग्णाने किंवा घरच्यांनी काय खाल्लं होतं ते स्पष्ट सांगावं, पोराने अंगणात काही तोंडात घातलं असेल तर तेही. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला ‘साचलेल्या पाण्यातून चाललात का’ हे डॉक्टर लेप्टोमुळे विचारू लागले. तसंच ‘कच्चा पाला, खेकडा, गोगलगाय असं काही पोटात गेलं का’ हा प्रश्न त्यांच्या तोंडी यायला हवा.

आणि मूळ उंदराशीच आहे, हे विसरून चालणार नाही. उंदीर नसेल तर गोगलगाय नुसती पानं खाणारी ओंगळ पाहुणी राहते. कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही की सोसायटीच्या भिंतीपाशी पिशव्यांचा ढीग होतो, रात्री तिथे घुशी येतात, आणि पावसात त्याच ढिगाखाली गोगलगायींची वसाहत होते. गाडी वेळेवर येणं, उघड्या गटारांना झाकण असणं, भाजीबाजारात उरलेला पाला तिथेच सडू न देणं, ही कामं नगरपंचायतीची आणि महापालिकेची आहेत. मांसविक्री बंद करण्याचा निर्णय ज्या गावाने घेतला, त्या गावाला हे अवघड वाटू नये.

अंगणवाडीतल्या ताईंनी पोरांना एवढं सांगितलं तरी पुष्कळ होईल, की गोगलगाय बघायची, हात लावायचा नाही, आणि मीठ टाकून छळायची तर नाहीच. पालखीच्या आधी आरोग्य खात्याची माणसं वाटेवरच्या विहिरी तपासतात, पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतात, हॉटेलांची पाहणी करतात. १६८५ पासून चालत आलेल्या त्या सोहळ्यात लाखो माणसं रस्त्याकडेला बसून जेवतात, आणि त्यांच्या पत्रावळीवर कांदा, मिरची, कधी काकडीची कोशिंबीर असते. पुढच्या ज्येष्ठात ही पथकं देहूत उतरतील तेव्हा त्यांच्या हातातल्या पत्रकावर पाण्याच्या सूचनेखाली कच्च्या पाल्याची एक ओळ असावी, आणि अन्नछत्रांच्या भाजी निवडणाऱ्या बायकांपर्यंत ती कुणीतरी वाचून पोचवावी.